नोकरी, ऑनलाइन पदवी आणि स्वतःचा वेळ: आठवडा कसा आखाल?

‘ऑनलाइन बीकॉमला प्रवेश घेतला, दोन महिने झाले, एकही लेक्चर पूर्ण पाहिलेलं नाही.’ ‘हॉस्पिटलात नाईट ड्यूटी असते, मला पदवी झेपेल का?’ ‘रविवारी अभ्यासाला बसलं की घरचे नाराज, नाही बसलं की मन खातं.’ गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात नोकरी करून शिकणाऱ्यांकडून असे प्रश्न सतत येतात. शब्द बदलतात, अडचण तीच राहते: वेळ पुरत नाही आणि दोष आपलाच आहे असं वाटत राहतं.

बहुतेक वेळा दोष आळसाचा नसतो. प्रवेश घेताना तासांचा हिशेबच झालेला नसतो. ‘सोयीनुसार शिका’ या जाहिरातीतल्या वाक्याचा अर्थ एवढाच की लेक्चर कधी पाहायचं ते तुम्ही ठरवू शकता. अभ्यासाला लागणारे एकूण तास त्यामुळे कमी होत नाहीत.

कमावता कमावता शिकणं या भागाला नवं नाही. गिरणगावातल्या रात्रशाळांनी कामगारांना आणि त्यांच्या मुलांना शिकवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. मुंबई विद्यापीठाचं पत्राद्वारे शिक्षण १९७१ पासून आहे. पण रात्रशाळेत घंटा व्हायची, मास्तर हजेरी घ्यायचे, शेजारी बसणारा सोबती वाट पाहायचा. ऑनलाइन शिक्षणात यातलं काही आपोआप मिळत नाही. वेळ राखून ठेवण्याचं काम तुमच्यावर येतं, म्हणून ते आधी शिकून घ्यायला हवं.

आधी पाहा: तुमचा अभ्यासक्रम नेमका कोणता?

‘ऑनलाइन’ म्हणून सरसकट दोन वेगळ्या प्रकारांना ओळखलं जातं.

- दूरस्थ किंवा मुक्त शिक्षण: छापील किंवा डिजिटल पुस्तकं, अभ्यासकेंद्र, बहुधा सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन. मुंबई विद्यापीठाची दूरस्थ शिक्षण शाखा (पूर्वीचं आयडॉल, कलिना), नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इग्नू (स्थापना १९८५) ही ओळखीची नावं.
- पूर्ण ऑनलाइन पदवी: लेक्चर, चर्चा, चाचण्या सगळं पोर्टलवर. लॉगिन आणि सहभागाची नोंद राहते. परीक्षा केंद्रावर किंवा घरून कॅमेऱ्यासमोर, ते विद्यापीठावर अवलंबून.

चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं राहत असतील, तर हा फरक तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत खोलीत दुसरं कोणी असलेलं चालत नाही आणि मध्येच आवाज आला तरी हरकत घेतली जाऊ शकते. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांत तीन तास हे जमवणं अवघड आहे. म्हणून प्रवेशापूर्वीच लेखी विचारा: परीक्षा केंद्रावर देता येईल का? दादर, परळ किंवा जवळपास केंद्र आहे का? उत्तर ‘फक्त घरून’ असेल, तर त्या दिवसासाठी नातेवाइकाचं किंवा मित्राचं घर मिळेल याची खात्री झाल्यावरच पैसे भरा.

आठवड्याचं गणित कागदावर मांडा

आठवड्यात १६८ तास असतात. लालबागला राहून अंधेरीला किंवा बीकेसीला नोकरी करणाऱ्या माणसाचा हिशेब साधारण असा होतो:

- झोप, रोज ७ तास: ४९
- नोकरी: ४८
- प्रवास, सहा दिवस, रोज दीड तास: ९
- आंघोळ, जेवण, घरकाम, बाजारहाट: १८
- माणसं आणि विरंगुळा: १४
- आजारपण, पाहुणे, रखडलेली लोकल, साहेबांचं ऐनवेळचं काम: ६

एकूण १४४. उरले २४ तास. पण यातले बरेचसे तास सुटे असतात: जेवणानंतरची वीस मिनिटं, कामावरून आल्यावरचा थकलेला अर्धा तास. डोकं जागेवर ठेवून सलग बसता येईल असे तास निम्म्यापेक्षा थोडे जास्त, म्हणजे १४-१५ निघतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा. झोप आणि विरंगुळा ‘उरलं तर’ या रकान्यात टाकू नका. ते आधी लिहा. जो वेळ कागदावर नसतो तो महिन्याभरात नाहीसा होतो आणि मग अभ्यासही टिकत नाही.

घरात लहान मूल, आजारी आईवडील किंवा स्वयंपाकाची पूर्ण जबाबदारी असेल तर घरकामाचे १८ तास सहज ३० होतात. ते ३०च लिहा. कागदावर ओढून-ताणून बसवलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात मोडतं.

किती क्रेडिट घ्यायची?

इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात एका क्रेडिटसाठी साधारण ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. यात वाचन, लेक्चर, असाइनमेंट, उजळणी सगळं आलं. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला १२० तास. सहा महिन्यांचं सत्र २६ आठवड्यांचं धरलं तर:

- २० क्रेडिट: ६०० तास, आठवड्याला सुमारे २३
- १६ क्रेडिट: ४८० तास, आठवड्याला सुमारे साडेअठरा
- १२ क्रेडिट: ३६० तास, आठवड्याला सुमारे १४

पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला १२ क्रेडिट झेपतात आणि २० क्रेडिट बहुतेकांना झेपत नाहीत, याचं कारण या आकड्यांत आहे. तुमचा आधीचा अभ्यास त्याच विषयातला असेल तर कमी तास लागतील. इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय नसेल तर जास्त.

मुक्त शिक्षणात वेग कमी करायची मुभा मुद्दाम ठेवलेली असते. इग्नूचं तीन वर्षांचं बीए सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं, दोन वर्षांचं एमए चार वर्षांपर्यंत. सत्रातले विषय ठरलेले असले तरी सगळ्या पेपरांना एकाच वेळी बसायची सक्ती आहे का, पुढच्या परीक्षेला विषय ठेवला तर शुल्क किती, ‘केटी’चा नियम काय, हे आपल्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. तीन वर्षांची पदवी चार वर्षांत, पण समजून आणि चांगल्या गुणांनी पूर्ण करणं हा कमीपणा नाही. बढतीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी ठरावीक वर्षी पदवी हवीच असेल तर मात्र उलट हिशेब करा: तेवढी वर्षं नोकरीतला ओव्हरटाइम, दुसरं काम किंवा क्लास यातलं काय सोडणार, ते आजच ठरवा.

वेळापत्रकाचे तीन नमुने

तिन्हींत सरासरी १४ तास धरले आहेत. जो तुमच्या जवळचा वाटेल तो घ्या आणि बदलून वापरा.

१. ऑफिसची नोकरी, ठरलेली वेळ. चार दिवस सकाळी दीड तास, दोन दिवस संध्याकाळी एक तास, शनिवारी दोन, रविवारी सकाळी चार. चाळीत पहाटे पाणी येतं तेव्हा घर जागंच असतं. पाणी भरून झाल्यावर पुन्हा झोपण्याऐवजी तो दीड तास पक्का करता येतो. त्या बदल्यात रात्री लवकर झोपा. रविवारी दुपारनंतर पुस्तक उघडू नका.

२. हॉस्पिटल, सुरक्षा, हॉटेल: फिरती शिफ्ट. केईएम, टाटा, वाडिया यांसारख्या परळच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांनी रोजचं एकच वेळापत्रक करू नये. तीन आठवड्यांचं करा. सकाळ आणि दुपारच्या ड्यूटीच्या आठवड्यांत प्रत्येकी १८ तास, नाईटच्या आठवड्यात फक्त ६, तेही असाइनमेंट टाइप करणं, टिपणं लावणं असं हलकं काम. नाईट करून आल्यावर आधी झोप. झोपेशिवाय पाहिलेलं लेक्चर दुसऱ्यांदा पाहावं लागतं आणि तुमच्या कामात थकव्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.

३. दुकान, मार्केट, डिलिव्हरी. दुकान उशिरा उघडतं, म्हणून सहा दिवस सकाळी दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच तास. दादरमधली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. तुमचा अभ्यासाचा रविवार सोमवारी येतो, आणि ग्रंथालयाची सुट्टी त्याच दिवशी नाही ना ते पाहून घ्या. डिलिव्हरी करणाऱ्यांना कोणी सुट्टी देत नाही, ती स्वतःच जाहीर करावी लागते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या गर्दीच्या मधला, साधारण तीन ते सहाचा वेळ त्यांच्या उपयोगाचा.

तिन्हींसाठी तीन नियम सारखे:

- प्रत्येक बैठकीला आधीच नाव द्या. ‘अभ्यास’ असं लिहू नका. ‘कॉस्टिंग, घटक ३, उदाहरणं’ असं लिहा. बसल्यावर काय करायचं हे शोधण्यात अर्धा तास जातो.
- लेक्चर घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा. गर्दीच्या लोकलमध्ये फक्त ऐकता येतं, तेही झालेल्या धड्याची उजळणी म्हणून. नवा विषय उभ्याने, धक्के खात समजत नाही. प्रवासाचे तास अभ्यासात धरू नका. त्यातून मिळेल ते वरचं.
- असाइनमेंटची शेवटची तारीख वहीत दहा दिवस आधीची लिहा. इग्नूसारख्या ठिकाणी असाइनमेंटला ३० टक्के गुण असतात. शांतपणे, घरी बसून मिळवता येणारे गुण हेच. नोकरदार विद्यार्थी नेमके तिथेच गुण गमावतात.

बसायचं कुठे?

घरात स्वतंत्र टेबल नसणं ही या भागातली सर्वसाधारण परिस्थिती आहे. त्यावर उपायही याच भागात आहेत.

- ग्रंथालयं: १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर पूर्वेला आहे आणि त्याची ठाकूरद्वारची जागा गिरगावकरांना जवळ. धोबीतलावचं पीपल्स फ्री रीडिंग रूम आणि काळाघोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्यांना कामावरून सुटल्यावर गाठता येतात.
- अभ्यासिका: महापालिकेच्या, सार्वजनिक मंडळांच्या आणि स्थानिक संस्थांच्या अभ्यासिका अनेक वॉर्डांत आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं त्या वापरतात. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून तुम्हीही विचारू शकता. तुमच्या वॉर्ड ऑफिसात किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे चौकशी करा.
- सोसायटीचं ऑफिस, समाजमंदिर, शाळेचा वर्ग: चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून चावी मागितली तर एकट्यापेक्षा लवकर मिळते.

जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: वेळ, वर्गणी, लॅपटॉप चालतो का, चार्जिंगची सोय आहे का. आठवड्यातून दोनदाच गेलात तरी चालेल, पण वार ठरलेले ठेवा. पुस्तकांचा खर्चही इथे वाचतो. त्याशिवाय इग्नूचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर आणि अनेक विषयांची लेक्चरं केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर मोफत पाहता येतात. विषय सारखा असेल तर दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यालाही त्यांचा उपयोग होतो.

घरात एकच मोबाइल किंवा लॅपटॉप असेल, तर त्याचंही वेळापत्रक करून भिंतीवर लावा. मुलाची शाळा आणि तुमची चाचणी एकाच संध्याकाळी आली की भांडण ठरलेलं.

गणपती, दिवाळी आणि परीक्षा

लालबाग-परळच्या माणसाला ‘गणपतीत अभ्यास कर’ असा सल्ला देणं निरर्थक आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक उत्सव सुरू झाला तेव्हापासून गिरगावचं आणि पुढे गिरणगावचं वर्ष या दिवसांभोवती फिरतं. तुम्ही मंडळाचे कार्यकर्ते असाल तर ते दिवस तुमच्यासाठी सुट्टीचे नाहीत, कामाचेच आहेत. म्हणून ते सुरुवातीपासून अभ्यासातून वजा करा:

1. सत्राच्या सुरुवातीलाच दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा: विद्यापीठाचं आणि घरचं. गणेशोत्सवाचे दिवस, नवरात्र, दिवाळी, गावची जत्रा, घरातलं लग्न त्यावर लिहा.
2. उत्सवाच्या आठवड्यात शून्य तास धरा आणि त्या आठवड्याचे तास आधीच्या सहा आठवड्यांत वाटून टाका, आठवड्याला दोन-तीन तास जास्त.
3. मंडळात जबाबदारी घेताना संपणारी घ्या. वर्गणीचा हिशेब किंवा एका रात्रीचा बंदोबस्त संपतो. ‘सगळीकडे लक्ष ठेवणं’ कधीच संपत नाही.
4. दुकानात काम करणाऱ्यांची दसरा-दिवाळीची गर्दी आणि हिवाळी परीक्षांचे अर्ज जवळजवळ येतात. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका. विलंबशुल्काचा भुर्दंड अशा वेळीच बसतो.

परीक्षा तोंडावर असताना आवाजाचा त्रास होत असेल तर नियम तुमच्या बाजूने आहे: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. पण आधी मंडळाच्या मुलांशी बोला. ‘माझी परीक्षा आहे’ असं सांगितल्यावर आवाज कमी करणारी माणसं याच चाळींत राहतात.

विरंगुळा वहीत लिहून ठेवा

नोकरी आणि अभ्यास सांभाळणारा माणूस सगळ्यात आधी मित्रांना भेटणं बंद करतो, मग व्यायाम, मग झोप. तीन-चार महिन्यांनी अभ्यासही बंद पडतो. म्हणून विरंगुळ्याला तारीख आणि वेळ द्या:

- रोजचा अर्धा तास, पडद्याशिवाय. शिवाजी पार्कला फेऱ्या, गिरगाव चौपाटीवर चालणं, कट्ट्यावर गप्पा. दिवसभर कॉम्प्युटर आणि रात्री लेक्चर असेल तर फोनवर रील पाहून डोळ्यांना आणि डोक्याला विश्रांती मिळत नाही.
- आठवड्यातून सलग अर्धा दिवस. क्रिकेट, ढोल पथकाचा सराव, मुलांबरोबर बाहेर जाणं. या वेळात अभ्यास मागे पडलाय हा विषय काढू नका.
- महिन्यातून एक मोठा बेत. शिवाजी मंदिरला नाटक, गावाला एक फेरी, मित्राकडे मुक्काम. तिकीट आधी काढलं की बेत रद्द होत नाही.

आठवडा बिघडला तर अभ्यासाचे दोन तास कमी करा, पण अर्धा दिवस विश्रांतीचा ठेवा. अभ्यास पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. थकवा साठत जातो आणि एकदम खाली बसवतो.

साहेबांशी आणि घरच्यांशी कसं बोलाल?

ऑफिसात: परीक्षेच्या आठवडाभर आधी रजा मागितली की ती अडचण ठरते, सत्राच्या सुरुवातीला सांगितली की ती माहिती ठरते. असं बोलता येईल: ‘सर, मी मुक्त विद्यापीठातून पदवी करतोय. परीक्षा साधारण या दोन आठवड्यांत असतात. तारखा आल्या की लगेच देतो. त्या दिवसांची माझी रजा धरून ठेवाल का? महिनाअखेरचं काम मी आधी उरकून देईन.’ मग हेच ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, म्हणजे साहेब बदलले तरी नोंद राहील. सरकारी खातं, महापालिका किंवा बँकेत असाल तर प्रवेश घेण्यापूर्वीच आस्थापना विभागाला पूर्वपरवानगी लागते का ते विचारा.

घरी: ‘मला अभ्यास आहे’ एवढं पुरत नाही. वेळापत्रक दाखवा आणि त्या तासांत कोण काय करणार ते ठरवा. हे स्त्रियांसाठी जास्त गरजेचं आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि त्यावर स्वतःची पदवी, असं चौथं ओझं कोणालाही पेलत नाही. आठवड्यातले दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याकडे, एक दिवस सासूबाईंकडे, रविवारी सकाळी मुलं बाबांबरोबर बाहेर, इतकं नेमकं ठरायला हवं. मदत म्हणून मागू नका. पदवीने घराचं उत्पन्न वाढणार असेल तर तिच्या तासांची जबाबदारीही घराची आहे.

तुमचे हक्क

- पदवीला समान दर्जा. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. नोकरीत किंवा पुढच्या प्रवेशात कोणी नाकारलं तर त्या सूचनेची प्रत दाखवा.
- दोन पदव्या एकाच वेळी. २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, अशा दोन पदव्या एकत्र घेता येतात. परवानगी आहे म्हणून घ्यायलाच हवी असं नाही. आधी वरचं गणित करा.
- क्रेडिट वाया जात नाहीत. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहू शकतात. मूल जन्मलं, नोकरी बदलली, वर्षभर थांबावं लागलं, तरी परतीचा रस्ता राहतो.
- मूळ कागदपत्रं तुमचीच. विद्यापीठ मूळ गुणपत्रिका, दाखले अडकवून ठेवू शकत नाही. तपासून परत द्यायला हवेत.
- शुल्कपरतावा. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळणार हे रद्द करण्याच्या तारखेवर ठरतं. दिवस जातील तशी ती कमी होते. विचार बदलला तर त्याच दिवशी लेखी अर्ज करा.
- कामाचे तास. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा (२०१७) तुमच्या ठिकाणी लागू असेल तर आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर आणि वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा मिळतात. परीक्षेसाठी वेगळी रजा द्यायचं बंधन या कायद्यात नाही, म्हणून किरकोळ रजा परीक्षेसाठी राखून ठेवा. कायदा लागू होणं कामगारांच्या संख्येवर ठरतं आणि त्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत; सध्याची स्थिती कामगार आयुक्तालयात किंवा तुमच्या युनियनकडे विचारा.

इथे फसू नका

- मान्यता न पाहता प्रवेश. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि तेच वर्ष, तिन्ही पाहा. प्रवेशासाठी डीईबी आयडी तुम्ही स्वतः काढायचा असतो. ‘त्याची गरज नाही’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.
- दूरस्थ पद्धतीने न चालणारे विषय. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत. ‘घरबसल्या एलएलबी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.
- एजंटचं ऑफिस. विद्यापीठांना आपला अभ्यासक्रम फ्रँचायझी म्हणून द्यायला मनाई आहे. शुल्क विद्यापीठाच्या खात्यातच भरा, पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या.
- ‘सोपे हप्ते’. बऱ्याचदा तो हप्ता म्हणजे वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. अभ्यासक्रम सोडला तरी कर्ज आपोआप संपत नाही. सही करण्यापूर्वी व्याज, शुल्क आणि रद्द करण्याची मुदत लिहिलेलं पत्रक मागा. ते देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- तयार असाइनमेंट. पैसे देऊन घेतलेली असाइनमेंट पकडली गेली तर गुण जातात आणि परीक्षेत तोच प्रश्न आला तर उत्तरही येत नाही.

घडी विस्कटली तर

कधी ना कधी विस्कटेलच. तेव्हा मागचं सगळं भरून काढायचा प्रयत्न करू नका. या क्रमाने जा:

1. कोणत्या तारखा टळू शकत नाहीत ते पाहा: असाइनमेंट, परीक्षा अर्ज, पुनर्नोंदणी. त्या आधी सांभाळा.
2. उरलेल्या आठवड्यांना तुमच्या खऱ्या तासांनी गुणा. तेवढ्यात किती विषय होतात ते ठरवा आणि बाकीचे पुढच्या परीक्षेला ठेवा.
3. ठेवलेल्या विषयांची पुस्तकं नजरेआड ठेवा. दोन विषय नीट झाले तर पुढच्या सत्राची हिंमत राहते. पाच अर्धवट झाले तर तीही जाते.
4. विद्यापीठाच्या समन्वयकाला ईमेल करा. नियमात बसणारी सवलत न विचारल्यामुळे हुकते.

सलग दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कामात वारंवार चुका होत असतील, रडू येत असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. सत्र सोडावं लागलं तरी सोडा. पदवी पुन्हा हाती घेता येते.

या आठवड्यात करायची पाच कामं

1. १६८ तासांचा हिशेब एका कागदावर लिहा, झोप आणि विरंगुळा आधी.
2. तुमच्या सत्राची एकूण क्रेडिट मोजा, ३०ने गुणा, उरलेल्या आठवड्यांनी भागा. हा आकडा पहिल्या कागदाशी जुळतो का ते पाहा.
3. जुळत नसेल तर विषय कमी करा किंवा वर्ष वाढवा. झोपेतून तास काढू नका.
4. परीक्षांचे अंदाजे आठवडे ऑफिसात लेखी कळवा.
5. घरच्यांना एकत्र बसवून वेळापत्रक दाखवा आणि कोणाकडे कोणतं काम ते त्याच कागदावर लिहा.

पदवीचा वेग तुमच्या आठवड्यावरून ठरवा, आठवडा पदवीसाठी मोडू नका. मुक्त शिक्षणाने दिलेली खरी सवलत हीच आहे आणि ती वापरायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.